सीमापार वीज आणि डेटा केबलच्या पूर्वतयारीसाठी युरोपीय अनुदान: अर्जाची तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दोन देशांमध्ये समुद्राखालून वीजवाहिनी टाकायची असेल, तर केबलचा पहिला मीटर कारखान्यातून बाहेर पडण्याआधी कित्येक वर्षं नुसत्या पाहणीवर आणि कागदांवर पैसा जातो. समुद्रतळाचा सर्व्हे, पर्यावरण अहवाल, जमिनीवरचा मार्ग, परवान्यांची कागदपत्रं, दोन्ही बाजूंच्या ग्रिडचा अभ्यास. शेवटी प्रकल्प उभा राहीलच याची खात्री नसल्यामुळे या टप्प्यावर बँक दारात उभं करत नाही. युरोपीय संघाचा ‘कनेक्टिंग युरोप फॅसिलिटी’ हा कार्यक्रम, म्हणजे सीईएफ, या खर्चाचा जास्तीत जास्त निम्मा भाग अनुदान म्हणून देतो. २०२१ ते २०२७ या काळासाठी कार्यक्रमाची एकूण रक्कम ३३.७१ अब्ज युरो आहे आणि त्यात ऊर्जेचा वाटा ५.८४ अब्जांचा. डिजिटलचा वाटा याहून बराच लहान.

जर्मनी, नेदरलँड्स, आयर्लंडमधल्या अभियांत्रिकी कंपन्यांत काम करणारे आपले लोक आणि त्यांच्यासाठी पुण्यातून ड्रॉइंग-अहवाल तयार करणाऱ्या टीम्स, यांच्याकडून अशा अर्जांचे मसुदे माझ्याकडे वाचायला येतात. चुका त्याच त्या असतात. सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्ज केबलसाठी लिहिलेला असतो, अभ्यासासाठी नाही. केबल किती उपयोगी आहे यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. पण अभ्यास संपल्यावर कोण, कोणत्या तारखेला, कोणता निर्णय घेणार, यावर एक ओळ सापडत नाही. दुसरी चूक क्रमाची, आधी कळस मग पाया. अर्जाच्या ऑनलाइन पोर्टलवर फॉर्म उघडून बसायचं आणि मंत्रालयाची संमती शेवटच्या आठवड्यात मागायची.

खाली जो क्रम दिला आहे तो मोडू नका.

## टप्पा १: तुमचा प्रकल्प कोणत्या दाराचा आहे ते ठरवा

दारं तीन आहेत आणि प्रत्येकाचे नियम वेगळे.

पहिलं दार: यादीतले ऊर्जा प्रकल्प. वीज पारेषण, साठवण, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइडच्या वाहिन्या वगैरे. इथे प्रकल्पाला ‘समान हिताचा प्रकल्प’ म्हणजे पीसीआय हा दर्जा असावा लागतो. युरोपीय संघाबाहेरच्या देशाशी जोडणारा असेल तर ‘परस्पर हिताचा’, म्हणजे पीएमआय. ही यादी २०२२ च्या टेन-ई नियमावलीनुसार, म्हणजे युरोपातल्या सीमापार ऊर्जा-जाळ्यांच्या नियमांनुसार, दर दोन वर्षांनी होते. त्या नियमावलीखालची पहिली यादी युरोपीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढली, तीत १६६ प्रकल्प होते. यादीत नाव नसेल तर अभ्यासासाठीही अर्ज करता येत नाही. आणि वीजवाहिनीचं नाव यादीत यायचं तर ती आधी युरोपीय पारेषण कंपन्यांच्या दहा वर्षांच्या आराखड्यात असावी लागते. थोडक्यात, शून्यापासून सुरुवात असेल तर पहिला अर्ज करण्याआधीच दोनेक वर्षं जातात. हे ग्राहकाला पहिल्या बैठकीतच सांगा.

दुसरं दार: सीमापार नवीकरणीय ऊर्जा. किमान दोन सदस्य देश, किंवा एक सदस्य देश आणि एक बाहेरचा देश, मिळून सौर, पवन किंवा उष्णता प्रकल्प करणार असतील तर. ऊर्जेच्या रकमेतले १५ टक्के, मागणी असेल त्या प्रमाणात, याच दारासाठी राखलेले आहेत. या दाराची गंमत अशी की ‘सीमापार नवीकरणीय प्रकल्प’ हा दर्जा मिळण्याच्या *आधीच्या* अभ्यासालाही पैसा मिळतो. तो अभ्यास तुम्हाला खर्च-लाभ विश्लेषण आणि देशांमधल्या सहकार्य कराराच्या मसुद्यापर्यंत नेतो. मग दर्जासाठी अर्ज, आणि दर्जा मिळाला की पुढच्या सविस्तर अभ्यासासाठी आणि बांधकामासाठी वेगळे अर्ज. २०२२ च्या पहिल्या यादीत एस्टोनिया-लाटव्हियाचा समुद्री पवन प्रकल्प ‘एलविंड’ होता, आणि जर्मनीतलं गॉर्लिट्झ व पोलंडमधलं झ्गोर्झेलेत्स या नदीच्या दोन काठांवरच्या जुळ्या गावांची एकत्र उष्णतावाहिनीही होती. हे दुसरं उदाहरण मुद्दाम देतोय. सीमापार म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शेकडो किलोमीटरची केबल येते. इथे दोन गावांमध्ये फक्त एक नदी आहे.

तिसरं दार: डिजिटल. समुद्राखालच्या डेटा केबल, देशांमधले मुख्य नेटवर्क, महामार्गांवरचे ५जी पट्टे. इथे पीसीआयसारखी यादी लागत नाही, पण तुमचा विषय त्या वर्षीच्या ‘कॉल’मध्ये, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीत, नेमका बसावा लागतो. उत्तर ध्रुवाखालून नॉर्डिक देशांना पूर्व आशियाशी जोडू पाहणारी ‘पोलर कनेक्ट’ ही कल्पना अशाच अभ्यासांच्या बळावर पुढे सरकते आहे.

ऊर्जेची दोन्ही दारं सिनिया ही आयोगाची कार्यकारी संस्था सांभाळते, डिजिटलचं हाडेआ ही तशीच दुसरी संस्था. दोन्ही ब्रुसेल्सला. पण एकीचं उत्तर दुसरीच्या अर्जाला लागू पडेल असं धरून चालू नका.

इशारा: एकाच केबलमध्ये वीज आणि फायबर दोन्ही असली तरी एकच खर्च दोन अर्जांत घालायचा नाही. दुहेरी अनुदान सापडलं तर नुसती कपात होऊन सुटका होत नाही, सगळ्या खर्चाची तपासणी लागते.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. अभ्यासाच्या अनुदानाला ‘सीमापार खर्चवाटपाचा निर्णय’ लागत नाही. कोणत्या देशाच्या ग्राहकांनी किती भार उचलायचा, हा दोन्ही देशांच्या ऊर्जा नियामकांचा निर्णय बांधकामाच्या अनुदानासाठी लागतो. आयर्लंड आणि फ्रान्समधल्या ७०० मेगावॉटच्या ‘सेल्टिक इंटरकनेक्टर’ने हाच क्रम पाळला. आधी अभ्यासांसाठी अनुदानं घेतली, मग २०१९ मध्ये दोन्ही नियामकांनी खर्चवाटप ठरवलं, आणि त्याच वर्षी बांधकामासाठी सुमारे ५३ कोटी युरोंचं अनुदान मंजूर झालं. खर्चवाटप झालं नाही म्हणून अभ्यासाचा अर्ज थांबवून ठेवणारे लोक मी पाहिलेत. अभ्यासाशिवाय नियामक वाटप कशाच्या आधारावर करणार?

## टप्पा २: माणसं आणि संमती

फॉर्मला हात लावण्याआधी तीन कागद हातात पाहिजेत.

१. भागीदारांमधला लेखी समझोता. समन्वयक कोण, अनुदान कुणाच्या खात्यात येणार, सर्व्हेचा डेटा कुणाच्या मालकीचा, एखादा भागीदार मधेच बाहेर पडला तर काय. दोन पानं पुरतात, पण सह्या हव्यात. पूर्ण करार नंतर करता येतो.

२. उरलेल्या निम्म्या पैशाचा ठराव. अनुदान फार तर ५० टक्के. बाकीचा पैसा संचालक मंडळाने मंजूर केल्याचा ठराव, किंवा पारेषण कंपनी असेल तर तो खर्च वीजदरातून वसूल करायला नियामकाची मान्यता. ‘गुंतवणूकदारांशी बोलणी चालू आहेत’ या वाक्याला मूल्यमापकाच्या लेखी किंमत नाही.

३. संबंधित सदस्य देशांची संमती. प्रकल्प ज्या देशांशी निगडित आहे त्यांच्या मंत्रालयाची सही, तीही कॉलसोबतच्या नमुन्यावर. आपल्या शब्दांत लिहून घेतलेलं छान शिफारसपत्र त्या जागी चालत नाही.

तिसऱ्या कागदावर जरा थांबतो, कारण सगळ्यांत जास्त अर्ज इथेच अडकतात. ऊर्जेचे कॉल अलीकडच्या वर्षांत वसंतात उघडून सप्टेंबर-ऑक्टोबरात बंद झाले आहेत. मध्ये ऑगस्ट येतो. युरोपात ऑगस्टमध्ये मंत्रालयात माणूस भेटणं म्हणजे आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या माणसाला मुंबईच्या ऑफिसात गाठण्यासारखं आहे. सही करणारा अधिकारी तीन आठवडे रजेवर, त्याच्या जागी जो आहे त्याला सहीचा अधिकार नाही. त्यामुळे संमतीचं पत्र जूनच्या अखेरीला मागितलेलं असावं आणि जुलैच्या मध्याला हातात असावं. दोन देश असतील तर दोन्ही मंत्रालयांना एकाच दिवशी, एकाच मसुद्यासह लिहा. एका बाजूने वेगळा शब्द घातला की दुसरी बाजू पुन्हा कायदा विभागाकडे पाठवते.

भारतीय मालकीच्या कंपन्यांसाठी इशारा. डिजिटलच्या बऱ्याच कॉलमध्ये सुरक्षेच्या कारणावरून सहभागी कंपनी कॉलने पात्र ठरवलेल्या देशात *नोंदलेली* आणि तिचं नियंत्रणही पात्र देशातूनच असावं अशी अट असते. ही अट नुसती अर्जदाराला नसते, उपकंत्राटदारालाही लागते. तुमची कंपनी म्युनिकमध्ये नोंदलेली असेल, सगळे कर तिथेच भरत असेल, पण शंभर टक्के शेअर पुण्याच्या कंपनीकडे असतील, तर नियंत्रण भारतातून आहे असंच धरलं जातं. मालकी आणि नियंत्रणाचं घोषणापत्र भरताना हे लपत नाही. काही कॉलमध्ये सरकारने मान्य केलेली हमी देऊन वाट निघते, काहींमध्ये दार पूर्ण बंद असतं. कॉलच्या कागदातला सुरक्षेचा भाग सर्वांत आधी वाचा आणि तुमचा भाग काढून टाकावा लागणार असेल तर तो भागीदारांना जूनमध्ये कळू द्या, सप्टेंबरमध्ये नाही. तुमच्यामुळे अख्खा अर्ज बाद झाला तर पुढच्या वेळी कुणी बोलावणार नाही.

## टप्पा ३: अभ्यासाची हद्द आखा

कोरा कागद घ्या आणि हे वाक्य पूर्ण करा: “हा अभ्यास संपल्यावर ______ (कोण) ______ (तारखेपर्यंत) ______ हे ठरवू शकेल.”

उदाहरणार्थ: “दोन्ही पारेषण कंपन्यांची संचालक मंडळं २०२८ च्या अखेरीपर्यंत तीनपैकी एक मार्ग निवडून परवान्यांसाठी अर्ज करायचा की नाही, हे ठरवू शकतील.” हे वाक्य लिहिता येत नसेल तर अर्ज अजून तयार नाही. लिहिता आलं, तर पुढची प्रत्येक गोष्ट याच वाक्यावर घासून पाहायची. या निर्णयाला जे काम लागत नाही ते काढून टाका. जे लागतं पण यादीत नाही, ते घाला.

या वाक्यातला ‘की नाही’ महत्त्वाचा आहे. अभ्यासाचा निष्कर्ष ‘बांधू नका’ असा निघाला तरी अभ्यास नीट झाला असेल तर तो अभ्यासच. उत्तर आधीच ठरल्यासारखं लिहिलेला अर्ज मूल्यमापकाला लगेच ओळखू येतो. उत्तर माहीत आहे तर अभ्यासाला पैसे कशाला, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच.

‘अभ्यास’ या शब्दाची व्याख्या बरीच ऐसपैस आहे. व्यवहार्यता अहवाल, मोजणी, चाचण्या, मूल्यांकन, जागेची पाहणी, तांत्रिक मदत, अगदी निधी उभारणीची मांडणीसुद्धा तिच्यात बसते. जमीन खरेदी बसत नाही. आणि ‘पायलट’ या नावाखाली थोडंसं बांधकाम सरकवायचा मोह होतो, तो आवरा. मूल्यमापक ते बांधकाम म्हणून मोजतील आणि मग बांधकामाच्या अटी लागतील.

समुद्री केबलसाठी कामांचा क्रम असा असतो:

१. उपलब्ध माहितीवरून टेबलावरचा अभ्यास: नकाशे, मासेमारीचे पट्टे, जुन्या केबल, बुडालेली जहाजं, संरक्षित क्षेत्रं.

२. सर्व्हेसाठी लागणारे परवाने. होय, समुद्रतळ नुसता *पाहायलाही* परवाना लागतो. आयर्लंडमध्ये २०२३ पासून मारा ही सागरी क्षेत्र नियामक संस्था असे परवाने देते. हा टप्पा वेळापत्रकातून गळालेला असणं, ही दर दुसऱ्या मसुद्यातली चूक.

३. भूभौतिक सर्व्हे: मल्टिबीम आणि साइड-स्कॅन सोनार (ध्वनिलहरींनी तळाचं चित्र), तळाखालच्या थरांची पाहणी, मॅग्नेटोमीटर (गाडलेलं लोखंड हुडकणारं यंत्र). बाल्टिक आणि उत्तर समुद्रात महायुद्धांतले न फुटलेले बॉम्ब आणि सुरुंग आजही तळाशी आहेत, त्यामुळे मॅग्नेटोमीटर वगळून पैसे वाचवायला जाऊ नका.

४. भूतांत्रिक सर्व्हे: तळातले नमुने, कोन पेनिट्रेशन चाचण्या (शंकूच्या टोकाची दांडी तळात रेटून मातीचा घट्टपणा मोजणं). याच्या जागा तिसऱ्या पायरीच्या निकालावरून ठरतात. म्हणून तिसरी आणि चौथी पायरी एकाच महिन्यात दाखवलेली असली की अर्ज लिहिणारा कधी जहाजावर गेलेला नाही हे समजतं.

५. केबल किती खोल पुरायची याचं जोखीम विश्लेषण, प्राथमिक डिझाइन, खर्चाचा अंदाज.

६. पर्यावरण अहवाल आणि लोकांशी सल्लामसलत. हे शेवटी लिहिलं असलं तरी पक्षी आणि सागरी सस्तन प्राण्यांची निरीक्षणं पहिल्या पायरीपासूनच सुरू करावी लागतात, कारण ती ऋतूंवर अवलंबून असतात आणि एका वर्षाच्या नोंदी बहुधा पुरत नाहीत.

तपासा: टेन-ई नियमावलीनुसार परवाना प्रक्रियेला सर्वसाधारणपणे ४२ महिन्यांची मर्यादा आहे, अर्जपूर्व टप्पा २४ महिने आणि औपचारिक टप्पा १८ महिने. तुमच्या अभ्यासाचा कोणता अहवाल या दोनपैकी कोणत्या टप्प्यात जमा होणार, हे एका आकृतीत दाखवता येतंय का?

## टप्पा ४: बजेट

इथे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, आणि भांडं मोठं दाखवण्यातही नाही. चार-पाच नियम पाठ असले की बजेट टिकतं.

- अर्ज सादर करण्याच्या तारखेआधीचा खर्च धरला जात नाही. मार्चमध्ये सल्लागार नेमून ऑक्टोबरात अर्ज केला तर मार्च ते ऑक्टोबरचं बिल तुमचंच.
- व्हॅट पात्र नाही. परत मिळत नसला तरी नाही. नगरपालिका आणि विद्यापीठं इथे हमखास गडबडतात, कारण त्यांच्या बजेटात रक्कम करांसह धरायची सवय असते.
- जमीन पात्र नाही. ऊर्जा आणि डिजिटलमध्ये तरी नाही.
- अप्रत्यक्ष खर्चाची टक्केवारी शून्य. संशोधन अनुदानांत मिळणारी २५ टक्क्यांची सवय इथे विसरा. ऑफिसचं भाडं, वीज, लेखा विभाग हे सगळं तुमच्या खिशातून.
- स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा दर म्हणजे वार्षिक खर्च भागिले २१५ दिवस. सल्लागार म्हणून बाजारात लावता तो दर नाही, प्रत्यक्ष पगाराचा खर्च.

एक कल्पित हिशेब करून पाहू. तुमच्या अंदाजपत्रकात अभ्यासाचा खर्च १ कोटी युरो आहे. त्यात व्हॅट १२ लाख, लँडिंग स्टेशनच्या (केबल किनाऱ्यावर येते तिथल्या ठाण्याच्या) जागेचा विसार ५ लाख, ऑफिस खर्च ६ लाख, आणि अर्जाआधीच झालेला टेबलावरचा अभ्यास ३ लाख. हे २६ लाख वजा केले की पात्र खर्च ७४ लाख. अनुदान फार तर ३७ लाख. म्हणजे स्वतःचे ६३ लाख उभे करायचे आहेत, ५० नाही. संचालक मंडळाला ‘निम्मं युरोप देतंय’ असं सांगून ठराव करून घेतला असेल तर ही १३ लाखांची तफावत पुढे तुमच्याच गळ्यात येते.

तपासा: बजेटच्या तक्त्यातलं प्रत्येक वर्क पॅकेज (कामाचा एक गट), लेखी भागातलं वर्क पॅकेज आणि वेळापत्रकातली पट्टी, तिन्हींची नावं आणि महिने जुळतात का? तीन माणसांनी तीन फाइली केल्या असतील तर जुळत नाहीत. एका माणसाला फक्त हेच काम द्या.

## टप्पा ५: टेंडर आणि ऋतू

वेळापत्रक करताना लोक अनुदान करारावर सही झालेल्या महिन्यापासून सर्व्हेचं जहाज निघालेलं दाखवतात. जहाज असं निघत नाही.

सार्वजनिक पारेषण कंपनीला सर्व्हेचं कंत्राट युरोपीय खरेदी नियमांनी द्यावं लागतं. रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर युरोपभर जाहिरात, मग बोली, छाननी, हरलेल्यांना हरकत घेण्याची मुदत. सहा ते नऊ महिने सहज जातात. आणि अटलांटिक किंवा बाल्टिकमध्ये काम करण्याजोगा समुद्र साधारण एप्रिल ते सप्टेंबर. म्हणजे टेंडर जूनमध्ये निकाली निघालं तर जहाज जमवेपर्यंत हंगाम संपत आलेला असतो आणि तुम्ही एक अख्खं वर्ष हरता. कोकणात आपण मे संपायच्या आत घर शाकारून घेतो, तोच हिशेब इथे लावायचा, फक्त महिने वेगळे.

त्यामुळे मागून पुढे मोजा. सर्व्हे पुढच्या एप्रिलमध्ये हवा असेल तर कंत्राट जानेवारीपर्यंत, टेंडरची जाहिरात त्याआधीच्या मे-जूनमध्ये. ही तारीख अनुदानाचा निकाल लागण्याआधीची असू शकते. तेव्हा ‘निधी मिळाल्यास’ अशी अट घालून जाहिरात काढता येते का, हे खरेदी विभागाला विचारा. काढता आली तर ती अर्जात ठळकपणे लिहा, तिचे गुण पुढच्या टप्प्यात मिळतात.

इशारा: ज्या सल्लागाराने टेंडरची तांत्रिक कागदपत्रं लिहिली त्यालाच पुढे ते कंत्राट दिलं, तर हितसंबंधांचा प्रश्न उभा राहतो आणि तो खर्च नामंजूर होऊ शकतो. पुण्याच्या टीमने तपशीलपत्र लिहिलं आणि तिच्याच म्युनिकच्या भावंड-कंपनीने बोली लावली, तरी तेच.

## टप्पा ६: लेखी भाग, पाच निकषांसाठी

आता लिहायला बसा. मूल्यमापन पाच निकषांवर होतं: प्राधान्य व निकड, परिपक्वता, गुणवत्ता, परिणाम आणि चालना देण्याची क्षमता. प्रत्येकाला ० ते ५ गुण. प्रत्येकात किमान ३ आणि एकूण २५ पैकी किमान १५ हवेत. एका निकषात अडीच पडले तर बाकी चारांत पाच असूनही अर्ज बाद.

परिपक्वता इथे लोक सर्वांत जास्त गुण घालवतात. ‘आमचा प्रकल्प अजून अभ्यासाच्या टप्प्यावर आहे, म्हणून परिपक्वता कमी असणारच’ असं धरून दोन परिच्छेदांत हा भाग उरकला जातो. पण इथे केबलची परिपक्वता विचारलेली नाही, *अभ्यासाची* विचारली आहे. उद्या करार झाला तर परवा काम सुरू होईल का? माणसं नेमली आहेत का, सर्व्हेच्या परवान्याचा अर्ज गेला आहे का, उरलेला पैसा मंजूर आहे का, टेंडरची कागदपत्रं तयार आहेत का? दुसऱ्या आणि पाचव्या टप्प्यात केलेली मेहनत इथे कामी येते. जे झालं आहे ते तारखेनिशी लिहा, जे होणार आहे ते कोण करणार त्याच्या हुद्द्यानिशी.

प्राधान्य व निकड यात कॉलच्या उद्दिष्टांतली वाक्यं उचलून चिकटवू नका. हा अभ्यास या वर्षी झाला नाही तर नेमकं काय अडतं, ते सांगा. उदाहरणार्थ, परवान्याच्या कोणत्या टप्प्याची मुदत हुकते, किंवा दुसऱ्या देशातल्या सबस्टेशनच्या विस्ताराचं डिझाइन कुठल्या तारखेला गोठतं.

गुणवत्ता म्हणजे कामाची मांडणी, जोखमींचा तक्ता आणि व्यवस्थापन. जोखमींच्या तक्त्यात ‘हवामान खराब असू शकतं, उपाय: लक्ष ठेवू’ असं असेल तर तो तक्ता नसलेला बरा. किती दिवस वाया जातील असं धरलं आहे आणि ते कंत्राटात कुणाच्या खर्चाने, हा आकडा हवा.

परिणाम या निकषात पूर्ण केबलचे फायदे थोडक्यात आणि अभ्यासाचे फायदे सविस्तर. बहुतेक जण उलटं करतात. अभ्यासामुळे खर्चाच्या अंदाजातली अनिश्चितता किती कमी होईल, कोणते पर्याय बाद होतील, हे लिहा.

चालना म्हणजे अनुदान नसतं तर काय झालं असतं. प्रामाणिक उत्तर द्या. ‘प्रकल्प बंद पडला असता’ हे बहुधा खरं नसतं आणि मोठ्या पारेषण कंपनीच्या तोंडी शोभतही नाही. ‘एकाच मार्गाचा सर्व्हे केला असता, दुसऱ्याचा नाही’ किंवा ‘दोन हंगाम उशिरा केला असता’ हे पटतं.

लेखी भागाला पानांची मर्यादा असते. जादा पानं मूल्यमापकापर्यंत पोचतच नाहीत. मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर थांबा.

तपासा: केबलबद्दल काहीही माहिती नसलेल्या सहकाऱ्याला मसुदा द्या आणि विचारा, अभ्यास संपल्यावर कोण काय ठरवणार? तिसऱ्या टप्प्यातलं वाक्य त्याच्या तोंडून आपोआप आलं पाहिजे.

## टप्पा ७: पोर्टल

इथे फार सांगण्यासारखं नाही, पण जे आहे ते अर्ज बुडवू शकतं.

प्रत्येक भागीदार संस्थेला नऊ अंकी ओळख क्रमांक लागतो. नवीन संस्थेची नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी आधी सुरू करा. समन्वयकाने अर्ज उघडला की बाकी भागीदारांनी आपापल्या नावाने घोषणा पूर्ण करायच्या असतात. एकाचा पासवर्ड हरवला की सगळे अडकतात.

मुदत साधारणपणे ब्रुसेल्सच्या संध्याकाळी ५ वाजताची असते. भारतातून काम करणाऱ्यांसाठी उन्हाळी वेळ चालू असताना ते रात्रीचे साडेआठ, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेनऊ. मुदत ५ वाजताची म्हणजे ५ वाजून १ मिनिटाने पोर्टल बंद. म्हणून दोन दिवस आधी एकदा पूर्ण अर्ज सादर करून टाका. मुदत संपेपर्यंत सुधारित प्रत पुन्हा सादर करता येते आणि शेवटची प्रत धरली जाते. सादर झाल्यावर पोर्टलवरून तीच फाइल परत उतरवून उघडा. संमतीच्या पत्राच्या जागी बजेटचा तक्ता दोनदा चढवलेला अर्ज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो बाद झालेलाही.

## टप्पा ८: निकालानंतर

मुदतीपासून निकाल कळायला सहा महिन्यांपर्यंत आणि करारावर सही व्हायला नऊ महिन्यांपर्यंत लागू शकतात. ऑक्टोबर २०२४ च्या ऊर्जा कॉलचा निकाल जानेवारी २०२५ च्या अखेरीला आला, तेव्हा ४१ प्रकल्पांना सुमारे १.२५ अब्ज युरो मंजूर झाले, त्यात बांधकामंही होती आणि अभ्यासही.

मंजूर झाला तर: कराराच्या तयारीत नवीन काम घुसवायचा प्रयत्न करू नका, मूल्यमापन झालेलाच अर्ज करारात जातो. पहिल्या दिवसापासून कर्मचाऱ्यांच्या दिवसांची नोंद सहीसह, दर महिन्याला. वर्षाच्या शेवटी आठवून भरलेल्या नोंदी लेखापरीक्षक एका नजरेत ओळखतो, सगळ्यांच्या सह्या एकाच पेनाने झालेल्या असतात. बिलं, टेंडरच्या फाइली, बैठकींची टिपणं शेवटचा हप्ता मिळाल्यावर पाच वर्षं जपायची. वेळापत्रक घसरतंय असं दिसलं की लगेच कळवा आणि करारात बदल मागा. मुदत संपल्यानंतर मागितलेली मुदतवाढ मिळत नाही.

नामंजूर झाला तर: प्रत्येक निकषावरच्या शेऱ्यांसह मूल्यमापनाचा अहवाल मिळतो. रागाने बाजूला टाकू नका. शेरे एका तक्त्यात उतरवा, शेजारच्या रकान्यात कोणता कागद मिळाला असता तर हा शेरा आला नसता ते लिहा. बहुतेक वेळा तो कागद दुसऱ्या किंवा पाचव्या टप्प्यातला निघतो. पुढच्या कॉलला तोच प्रकल्प पुन्हा नेता येतो, पण त्या वर्षीचा नमुना आणि अटी नव्याने वाचा. गेल्या वर्षीची फाइल उघडून नुसत्या तारखा बदलल्या, तर संमतीच्या पत्रावर जुन्या कॉलचा क्रमांक तसाच राहतो.

डिजिटलवाल्यांनी आणखी एका गोष्टीवर लक्ष ठेवावं. २०२८ पासूनच्या कार्यक्रमाचा जो प्रस्ताव आयोगाने जुलै २०२५ मध्ये मांडला, त्यात सीईएफमध्ये वाहतूक आणि ऊर्जा राहते, पण डिजिटलसाठी वेगळ्या स्पर्धात्मकता निधीची मांडणी आहे. अभ्यास आत्ता करून बांधकामाचा पैसा २०२८ नंतर मागायचा बेत असेल, तर तो कोणत्या दाराने मागणार हे जोखमींच्या तक्त्यात आत्ताच लिहून टाका.